मधल्या रेषेच्या अलीकडचा माणूस

देवळातला देव आणि आमचा बॅक, या दोघांची पाठ मी आयुष्यात पाहिली नव्हती. देवाचं समजण्यासारखं आहे, त्याला आपणच भिंतीला टेकवून बसवलेलं असतं. पण हा तर चालता-फिरता माणूस, दर आठवड्याला खोडाळ्याच्या बाजारात दिसणारा, एसटीला लटकून जव्हारला येणारा. तरीही त्याची पाठ कशी आहे हे सांगू शकेल असा या सगळ्या डोंगरपट्ट्यात एकच इसम होता, तो म्हणजे जव्हारचा गादीवाला. गादीवाला गोलकीपर आहे. पंधरा वर्षं तो बॅकच्या गावच्या फुटबॉल संघाला उसना म्हणून जात असे, कारण त्या गावात जमिनीवर अंग टाकायला कोणी तयार नसे आणि गादीवाल्याला लहानपणापासून कापसाच्या ढिगात पडायची सवय. तो म्हणायचा, "बाई, ते माझ्यापुढे उभे असले ना, की नमाजाला रांगेत उभं राहिल्यासारखं शांत वाटतं. पुढे काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही." मला मात्र ती पाठ एकदाच दिसली, या श्रावणाच्या तोंडावर, आणि त्या दिवशी माझी चांगलीच जिरली. तीच हकिगत लिहायला बसले आहे.

त्याचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावानं त्याला त्याची बायकोसुद्धा ओळखत नाही. फुटबॉलमध्ये आपल्या गोलासमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतो तो बॅक, आणि हा सातवीपासून तेच करत आलेला, म्हणून बायको म्हणते, "आमचा बॅक भाताच्या आवणीला गेलाय." नातवंडं म्हणतात, "बॅकबाबा." रेशनच्या दुकानात हाक पडते, "ए बॅक, अंगठा लाव!" अंगानं काटक, रंगानं भाजलेल्या नागलीच्या भाकरीसारखा, डोक्यावर पांढरे केस ताठ उभे, आणि हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघे खाजवता येतात. पाय बारीक, पण गुडघे मात्र दुसऱ्या कोणाचे तरी आणून बसवल्यासारखे थोराड. चालताना त्या गुडघ्यांचा आवाज येतो. गावातली कुत्री तो आवाज ऐकून शेपूट हलवतात.

या माणसानं मैदानातली जागा मैदानात ठेवली नाही, ती सगळीकडे बरोबर नेली. एसटी रिकामी असली तरी तो सगळ्यात मागे, दांडीला धरून उभा. कंडक्टर म्हणतो, "अरे बस की," तर याचं उत्तर, "बसलो तर कोन चढला, कोन उतरला कसं कळंल?" मी शिकवत होते त्या शाळेची सहल शिरपामाळला गेली होती तेव्हा तो रांगेत शेवटचा चालला, आणि परतताना मुलं मोजायची माझी बाकी कटकट वाचली, कारण त्याच्या मागे कोणी उरणं शक्यच नव्हतं. स्वतःच्या लग्नात हा मांडवात सापडेना. भटजी नव्हते, गावच्याच बाया लग्न लावत होत्या, गाणी म्हणून म्हणून त्यांचे घसे बसले, आणि नवरदेव मांडवाच्या मागच्या अंगाला पाय रोवून उभा. का, तर तिकडचं कुंपण मोडलेलं होतं आणि एक खोंड मघापासून आत बघत होता. सासऱ्यानं दंडाला धरून पुढे आणला. खोंड खरंच आत घुसला, ही गोष्ट वेगळी.

मध्ये तीन वर्षं ठाण्याला वॉचमन होता. याच्याइतका जन्मजात वॉचमन त्या सोसायटीला पुन्हा मिळणार नाही. एकदा त्यानं खुद्द चेअरमनला फाटकावर अर्धा तास उभं केलं. चेअरमन ओरडले, "पहचानता नहीं क्या मुझे?" हा शांतपणे म्हणाला, "पहचानता है साब. पर आप उधर से आया, इधर से नहीं गया था." चेअरमन मागच्या दारानं गेले होते, ते याच्या हिशेबात बसेना. नोकरी मात्र त्यानं स्वतःच सोडली. कारण असं की सोसायटीनं कौतुकानं त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली आणि आत बसायला सांगितलं. केबिनमध्ये पाठीमागून काय येतंय ते दिसत नाही म्हणून हा गाव गाठून मोकळा झाला.

आणि निरोप घेण्याची तऱ्हा तर विचारूच नका. हा कधी वळून जात नाही. "येतू बाई" म्हणतो आणि तोंड तुमच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे टाकत फाटकापर्यंत जातो. फाटकाची कडी हात मागे करून काढतो. समोरच्याकडे पाठ केली की तो निसटतो, हे बॅकच्या हाडात इतकं मुरलेलं, की निरोप देणाऱ्या म्हातारीवरसुद्धा त्याचा विश्वास नाही. पहिल्यांदा मला हा मोठा आदर वाटला. पुढे कळलं की गावच्या कोंबडीलाही हाच आदर मिळतो.

त्याचा खेळ मी खूप वर्षं पाहिला आहे, आणि ती कला मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही. तो धक्का देत नाही, पाय घालत नाही. तो चौकशी करतो. समोरून चेंडू घेऊन उधळत आलेल्या पोराला हा मधेच विचारतो, "काय रं, बा बरा हाय का तुझा?" आता आमच्याकडची मुलं कितीही दांडगी असली तरी वडीलधाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणारी नाहीत. पोरगा म्हणतो, "बरा हाय, काका," आणि त्या 'काका'पर्यंत पोहोचेस्तोवर चेंडू काकांकडे गेलेला असतो. वर हा विचारतो, "पाय लागला नाय ना?" एकदा वाडा तालुक्यातून एक संघ आला, त्यांच्या प्रशिक्षकानं मुलांना बजावून ठेवलं होतं की त्या लांब हाताच्या माणसाशी अजिबात बोलायचं नाही. त्यांचा सगळ्यात चपळ गडी ओठ घट्ट मिटून सुटला. आमचा बॅक खाली वाकून त्याच्या बुटाकडे बघत कळवळून म्हणाला, "अगाया!" गडी थांबून बुटाकडे बघायला लागला. बुटाला काहीही झालेलं नव्हतं.

एकच विचित्र गोष्ट होती. मैदानाची मधली रेषा त्यानं कधी ओलांडली नाही. आमच्याकडच्या सामन्यांत मध्यंतराला बाजू बदलत नाहीत, म्हणून हे खपून गेलं. चेंडू पुढे गेला, संघ पुढे गेला, एकदा तर पंचसुद्धा घसरून पुढच्या चिखलात पडले, तेव्हा बावीस जण त्यांना उचलायला धावले असं मी म्हणणार होते, पण एकवीसच. बाविसावा रेषेच्या अलीकडे उभा राहून विचारत होता, "लागलं का साहेब?" लोकांनी कारणं शोधली. कोणी म्हणे गुडघा, कोणी म्हणे नवस, कोणी म्हणे पलीकडे त्याला एकदा साप दिसला. गादीवाला म्हणे, त्यांना माझी काळजी आहे. मी मात्र शिकलेली बाई, म्हणून छातीठोक सांगायची, "अहो, हा सगळा आळस!"

आता ही शिकलेली बाई कोण, ते सांगते, कारण तिच्यावर मी सूड उगवणार आहे. बाविसाव्या वर्षी ही पुण्याहून मोखाड्याच्या डोंगरातल्या आश्रमशाळेवर नोकरीला आली. अंगावर कडक इस्त्रीची साडी, हातात छत्री, पायात उंच टाचांच्या चपला. पहिल्याच दिवशी भाताच्या बांधावर उजवी चप्पल जी रुतली ती अजून त्या शेतातच असेल. हिला वाटायचं की या डोंगरात आपण दिवा घेऊन आलो आहोत. मुलं "नाय" म्हणाली की ही काळ्या फळ्यावर "नाही" असं मोठ्या अक्षरात लिहायची. आज माझी नात मला हसते, कारण फोनवर मी तीन वाक्यांत चार वेळा "नाय" म्हणते. हिचं आवडतं वाक्य होतं, "मी सांगेपर्यंत." मी सांगेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मी सांगेपर्यंत जेवायला बसायचं नाही. मुलं वह्या द्यायला माझ्या खोलीवर आली, तर, "चिखलाचे पाय घेऊन उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मी सांगेपर्यंत!" आणि तो सगळा पावसाळाभर चिखलाचाच मुलूख. वाक्य फेकायचं आणि विसरून जायचं, एवढीच हिची कामगिरी.

त्याच पावसाळ्यात एक बाई लांब हाताचं पोर घेऊन शाळेत नाव घालायला आली. वय विचारलं तर म्हणाली, "नागली आडवी झाली त्या सालचा." साल कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा आमच्याकडे वयाची परीक्षा एकच: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की सहा वर्षं पुरी. या पोराचा हात कान ओलांडून गालावर आला. बाईंनी ऐटीत सहा पूर्ण लिहिलं, आणि तारीख सगळ्यांना लिहायचो तीच, एक जून. माझ्या कृपेनं अर्ध्या मोखाडा तालुक्याचा वाढदिवस एक जूनला येतो. पहिलीत त्या पोराचे दुधाचे दात पडायचं नावच घेईनात, तेव्हा कळलं की ते फार तर चार वर्षांचं असेल. बाकीची दोन वर्षं नुसत्या हाताची होती. पण शाईनं लिहिलेलं खोडायचं नाही, हाही माझाच नियम.

या वर्षी आवणीच्या आधी हाच माणूस माझ्या जव्हारच्या घरी आला. म्हणजे दारापर्यंत आला. दर दिवाळीला नागलीचं पीठ घेऊन येतो, पायरीवर ठेवतो आणि पायरीवरूनच बोलतो. मी "आत ये" म्हणत नव्हते असं नाही. म्हणायची, पण म्हणताना नजर पायपुसण्याकडे जायची, आणि समोरच्याची नजर कुठे जाते हे ओळखण्यातच त्याचं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

"बाई, एक अर्ज हाय."

"बोल की."

"आमचा संघ मोडला. पोरां समदी गेली. कोन भिवंडीला, कोन ठाण्याला. म्या मोजली. सात उरलो, त्यात दोघं लंगडं."

"मग?"

"तुमची नात हितला संघ करते म्हनतात. मला घेईल का, विचारा. पैसं नको. डबा माझा मी आनीन." मग म्हणाला, "बाई, मला दुसरं काय येतच नाय."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पेन्सिलसुद्धा नाही.

माझी नात शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आलेली. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ, ते घड्याळ तिची झोपसुद्धा मोजतं. जव्हारच्या संघाची शिकवणी तिला याच मोसमापुरती मिळालेली, तीही कुरकुर ऐकून, की पोरगी काय फुटबॉल शिकवणार. श्रावणातले सामने महिन्यावर आले होते. मी विषय काढला तशी तिनं ताटावरचा हात थांबवला.

"आजी, कागदावर बावन्न आहेत ते."

"दोन वजा कर. ती माझी आहेत."

"बरं, पन्नास! मी पन्नास वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या पोरापुढे उभं करू?"

"मागच्या वर्षी तुमच्या संघात मागे कोण उभं होतं? सगळे पुढे. गादीवाला बिचारा एकटा पारावर बसल्यासारखा. शेवटच्या सामन्यात त्यानं किती गोल खाल्ले?"

"ते मी शिकवीन पोरांना."

"उभं राहायला कसं शिकवतेस बघू."

"आजी, तुझ्या मायेनं गोल अडत नाहीत."

"भवाने, तुझ्या शिट्टीनंही अडत नाहीत."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना घेतलं तर पोरं म्हणतील, आजीच्या विद्यार्थ्याला घेतलं. आणि हरलो तर मला पुन्हा कोणी मैदानावर उभं करणार नाही. तुला ते कळतंय का?" मला कळत होतं. बाविसाव्या वर्षी मलाही कोणी म्हणालं असतं की याला घे, तर मीही शाईच्या कागदाकडेच बोट दाखवलं असतं. शेवटी ठरलं असं की रविवारी सगळ्यांबरोबर त्याचीही परीक्षा घ्यायची. पास झाला तर संघात. नाही झाला, तर तिनंच तोंडावर सांगायचं, आजीनं मध्ये पडायचं नाही.

रविवारी मैदानावर धुकं होतं, गवतातून पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. मी आपली गोलाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यावर शाल. माझ्यापुढे गोलात गादीवाला, हातमोजे घालून. परीक्षा सोपी: या गोलापासून त्या गोलापर्यंत पळायचं, खांबाला हात लावायचा आणि परत यायचं. पोरं गेली, आली, धापा टाकत बसली. शेवटी आमच्या बॅकचा नंबर. अंगात निळा, विटलेला शर्ट, पायात कोणाचे तरी मोठे बूट. सुरुवातीपासून तो गोलाकडे, म्हणजे आमच्याकडे, तोंड करून उभा. शिट्टी झाली तसा तिरका, खेकड्यासारखा, एक डोळा आमच्यावर ठेवून पळत सुटला. बरा पळत होता. मधल्या रेषेपाशी पोहोचला आणि थांबला. पाय जोडून, पंजे रेषेच्या अलीकडे.

"काका, पुढे!" नात ओरडली.

त्यानं मान हलवली. परत आला. दुसऱ्यांदा शिट्टी झाली, पुन्हा तिथंच. पोरं फिदीफिदी हसायला लागली. एक म्हणाला, "डिझेल संपलं." नातीनं वहीत काहीतरी लिहायला पेन काढलं. तिचा चेहरा पडला होता, आनंद झालेला नव्हता, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

"काका, दम लागला का? खरं सांगा."

"दम नाय लागला."

"मग?"

"माझी हद्द हितवर."

ती वैतागून माझ्याकडे वळली. मी खुर्चीतूनच आवाज चढवला, तो जुना फळ्यासमोरचा आवाज, "अरे, काय चाललंय? पळ की पुढे!"

तो परत गोलापर्यंत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमीच नाय का सांगलं?"

"मी? कधी?"

"सातवीत. हितंच. ह्याच रेघंवर."

शप्पथ सांगते, मला काही आठवेना. मग हळूहळू आठवायला लागलं, आणि नसतं आठवलं तर बरं झालं असतं. शाळांचे सामने होते. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, म्हणून मुख्याध्यापकांनी खेळांच्या नियमांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. फुटबॉलचं मला एवढंच ठाऊक की तो गोल असतो. मुलांना कुठे उभं करायचं हे पुस्तकात आकृतीनं दाखवलं होतं, पण कोणाला, हे नव्हतं. मी आपली प्रार्थनेची शिस्त लावली: बुटके पुढे, उंच मागे. हा उंच, म्हणून मागे. बॅक झाला तो एवढ्याच पुण्याईवर. पण सामना सुरू झाल्यावर सगळी मुलं चेंडूमागे धावली, हाही धावला. खरं सांगायचं तर सगळ्यात पुढे धावला, हसत. मागे मैदान मोकळं, आणि गोल झाला. जव्हारचे मास्तर हसले. मला ते हसणं झोंबलं, आणि मी रेषेवर जाऊन त्याच्या अंगावर ओरडले, "या रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही! मी सांगेपर्यंत!"

सामना संपला. मुलांना घेऊन मी एसटीत बसले. घाटाच्या अलीकडे मोजली तर एक कमी. उतरून, दुसरी गाडी पकडून परत आले तेव्हा मैदानावर कोणी नव्हतं. दिवस मावळायला आला होता, आणि हा मधल्या रेषेच्या अलीकडे दोन्ही पाय जोडून उभा. मी त्याला काय म्हणाले असेन? "अरे गाढवा, इथे काय करतोस? चल!" चल म्हणाले. पण ते घरी चलण्याबद्दल होतं. रेषेबद्दल मी काहीच बोलले नाही, आणि तोही काही बोलला नाही.

मैदानावरची पोरं आता माझ्याकडे बघत होती. नातीच्या हातातलं पेन तसंच. गादीवाला पुटपुटला, "या अल्ला, आणि मी समजत होतो माझ्या काळजीनं." मी खुर्चीतून उठले. शाल चिखलात पडली. शिक्षिकेनं चूक कबूल कशी करायची हे कोणत्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत, त्यामुळे मला जेवढं जमलं तेवढं म्हटलं.

"चुकलं रे माझं. तेव्हाच सांगायचं राहिलं."

"मंग जाऊ?"

"जा रे बाबा. जा!"

तो वळला. पुरता वळला. आणि गेला. रेषेपाशी जरा अडखळला, जसा अंधारात नसलेली पायरी चढताना माणूस अडखळतो, आणि मग पलीकडच्या गवतात पाऊल पडलं. तेव्हा मला त्याची पाठ दिसली. वाकलेली, अरुंद, भिजलेला शर्ट फासळ्यांना चिकटलेला. शर्टावर त्याच्या बायकोनं पांढऱ्या फडक्याचा पाच आकडा शिवलेला होता, आणि तो उलटा होता, आरशात दिसतो तसा. मी गादीवाल्याला म्हटलं, "हे तुला ठाऊक होतं?"

"पंधरा वर्षं."

"मग सांगायचं नाही?"

"बाई, सांगितलं असतं तर ते वळून बघायला गेले असते, आणि तेवढ्यात गोल झाला असता."

तिकडे आमचा बॅक पलीकडच्या गोलापाशी पोहोचला. खांबाला हात लावला. मग सावकाश फिरून त्यानं सगळं मैदान त्या टोकाकडून पाहिलं, पहिल्यांदाच. मला वाटलं, आता हसेल, सातवीतल्यासारखा. तर त्याचा चेहरा एकदम बावरला आणि तिथून त्यानं आरोळी ठोकली, "बाई! आपला गोल उघडा हाय!" खरंच उघडा होता, गादीवाला बघता बघता गोल सोडून माझ्यापाशी येऊन उभा राहिला होता. आणि मग हा माणूस जो पळत आला! गुडघे कडकड वाजतायत, बूट एक मागेच राहिला, लांब हात वल्ह्यासारखे मारत. जाताना त्याला लागला होता त्याच्या निम्मा वेळ येताना लागला नसेल. येऊन गोलासमोर उभा राहिला, वाकला, धापा टाकल्या, आणि समोरच्या पोराला विचारलं, "जेवलास का?"

नातीनं घड्याळ पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा घड्याळ. शेवटी म्हणाली, "काका, परवा घरी या. कळवते."

परवा तो आला तो थेट शेतातून. आवणी नुकतीच सुरू झाली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कोपरांना चिखल. येऊन पायरीखाली उभा राहिला. नात आत टेबलाशी नावांची यादी लिहीत होती. ती बाहेर यायला उठली, तिला मी हातानं थांबवलं.

"आत ये," मी म्हटलं.

"नको बाई. पाय चिखलाचं हायत."

या वेळी मी पायपुसण्याकडे पाहिलं नाही. पायानं ते बाजूला सारलं. "असू देत. मी सांगतेय ना."

त्यानं खाली उंबऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आला. खोलीभर नजर फिरवून सगळ्यात मागची खुर्ची निवडली, जिथून पुढचं दार, खिडकी आणि मोरीची वाट तिन्ही दिसतात. नात त्याच्यासमोर उभी राहिली. माझी नात, कोणापुढे न दबणारी, पण त्या खुर्चीपुढे तिचा आवाज जरा मऊ झाला.

"काका, घेतलंय तुम्हाला. पण मध्यंतरानंतरच खेळायचं. आणि तोवर माझ्या शेजारी बसून पोरांना उभं राहायला शिकवायचं. तुमच्यासारखं."

त्यानं चहाची बशी दोन्ही हातांत धरली होती. तिच्यावर त्यानं एक फुंकर मारली. मग मान वर करून काळजीनं विचारलं, "पुढं तर नाय ना जावं लागनार?"

"नाही," ती म्हणाली. "पण वाटलं तर जा. कोणी अडवणार नाही."

"मंग बरंय. मागं कोन तरी लागतंच."

चहा संपवून तो उठला. "येतू बाई" म्हणाला, नेहमीसारखा हात जोडून, तोंड आमच्याकडे ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत, उंबऱ्यावरून, पायरीवरून, फाटकाच्या कडीपर्यंत. बायकोनं तो पाच आकडा उसवून सरळ लावलाय का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी दाखवायला तो वळला नसताच.

नात फडकं घेऊन आली. मी म्हटलं, थांब, सुकू दे. दारापासून मागच्या खुर्चीपर्यंत चिखलाच्या पावलांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, एक ओळ येतानाची, एक जातानाची. पण गौरीच्या दिवसांत आपण उंबऱ्यापासून पावलं काढतो ना, तशी सगळी बोटं आतच वळलेली. मी चष्मा लावून नीट पाहिलं. बाहेर गेलेलं त्यात एकही पाऊल नव्हतं.